आधी बंद, मग बोलणं

शालन मेस्त्रीबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या बकऱ्याच्या तंगडीला शाळेच्या शर्टाची बाही चढवत होत्या.

परळच्या त्या शाळेत मराठीचा शिक्षक म्हणून मला जेमतेम आठवडा झाला होता. नववीचा वर्ग रिकामा दिसला म्हणून पोरांना शोधत तळमजल्यावर मागच्या बाजूला गेलो. तिथे कार्यशाळा आहे हेही मला ठाऊक नव्हतं. दारातून पाहिलं तर सगळी पोरं जमिनीवर आखलेल्या पिवळ्या रेघेमागे उभी होती. समोर एक बुटकी, रुंद खांद्यांची बाई. केस पुरुषासारखे बारीक कापलेले, अंगात खाकी कोट. तिने बाही ओढून खुरापर्यंत आणली आणि मनगटाचं बटण लावलं. पोराला शाळेत धाडताना आई लावते तसं, नीट.

"कुणाचा हात आहे हा?" तिने विचारलं.

"बकऱ्याचा!" मागून कुणीतरी म्हणालं. पोरं हसली.

"नाही. तुझा आहे. दिवाळीत गावाला गेलास. काका म्हणाले, जरा भाताची पेंढी सरकव रे. तू सरकवलीस."

लोखंडी स्टँडवर एक मोटर होती. तिच्यावरून एक पट्टा गेलेला, आणि त्या पट्ट्याने फिरणारा मनगटाएवढा जाड शाफ्ट. शाफ्टवर एका बोल्टचं डोकं अर्धा इंच वर आलेलं. बाईंनी हिरवं बटण दाबलं. शाफ्ट इतक्या वेगाने फिरायला लागला की तो फिरतोय हे कळेना, जागच्या जागी चमकत असल्यासारखा वाटला. लाकडी लांब चिमट्यात तंगडी धरून बाईंनी ती बाही शाफ्टजवळ नेली.

ओलं फडकं गुंडाळलेली फांदी मोडावी तसा आवाज झाला. चिमटा त्यांच्या हातातून उडून भिंतीवर आपटला. तंगडी दोनदा गरकन फिरली, हाडाचे तुकडे झाले, बाही पिळून दोरखंडासारखी झाली आणि मांसाच्या चिंध्या पुढच्या रांगेतल्या मुलींच्या गणवेशावर आल्या. एक मुलगी तिथेच ओकली. बाईंनी लाल बटण दाबलं.

"आता सगळ्यांनी 'थांबा' म्हणा. मोठ्याने."

"थांबा," पोरं कशीबशी म्हणाली.

"हा एवढा शब्द संपायच्या आत हात गेलेला असतो. म्हणून यंत्राशेजारी उभं राहून ओरडत बसायचं नाही. आधी बंद, मग बोलणं. काय?"

"आधी बंद, मग बोलणं!"

मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. मी भान हरपून रेघेच्या आत आलो होतो. माझ्या खांद्यावरून लांब बंदाची कापडी झोळी लोंबत होती. बाई आल्या, कोटाच्या खिशातून कात्री काढली आणि झोळीचा बंद कापला. माझी पुस्तकं जमिनीवर पडली.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "इथे लोंबतं काही आणायचं नाही."

आमची ओळख झाली ती अशी.

परळच्या शाळेत शेतीच्या यंत्रांचं काय काम, असं मला पहिल्यांदा वाटलं होतं. वर्गाच्या खिडकीतून दिसायचे ते काचेचे टॉवर. पण पोरांना विचारलं की गाव कुठलं, तर कणकवली, देवगड, लांजा, राजापूर. आजोबा गिरणीत, बाप आता त्याच गिरणीच्या जागेवरच्या टॉवरमध्ये लिफ्टवर नाहीतर गेटवर, आणि मोठा काका गावी शेती सांभाळणारा. पोरं गावाला जायची ती गणपतीत, मेमध्ये आणि दिवाळीत. दिवाळीत भाताची मळणी. आता घरोघरी मळणी यंत्र आलंय, पॉवर टिलर आलाय, गवत कापायचं मशीन आलंय. गावातलं पोर रोज बघून निदान बिचकतं तरी. शहरातलं पोर त्याला खेळणं समजतं.

म्हणून बाईंनी नववीच्या कार्यानुभवाच्या तासाला एक प्रकल्प लावला होता. प्रत्येकाने सुट्टीत आपल्या गावच्या एका यंत्राचं चित्र काढायचं, मापं घ्यायची, कुठे पट्टा उघडा आहे, कुठे शाफ्ट उघडा आहे ते लाल पेनाने दाखवायचं. परत आल्यावर कार्यशाळेत पत्रा कापून, जाळी वाकवून, भोकं पाडून त्या जागेचं झाकण बनवायचं. पुढच्या खेपेला ते गावी नेऊन स्वतः बसवायचं. वहीच्या शेवटच्या पानावर घरच्या मोठ्या माणसाने लिहून द्यायचं, "झाकण बसवलं. काढणार नाही." आणि खाली सही. ज्याच्या वहीत सही नाही त्याला बाई शून्य द्यायच्या, मग झाकण कितीही सुबक असो.

बाईंचा राग शाळेत प्रसिद्ध होता. पोरांवर त्यांनी कधी हात उचलला नाही. वस्तूंवर मात्र उचलायच्या. एकदा अमेय नावाच्या मुलाने ड्रिल चालू असताना खालचा पत्र्याचा कीस उचलायला हात घातला. बाईंनी पलीकडून हातोडा फेकला. तो अमेयच्या डोक्यावरून जाऊन भिंतीत घुसला, पोरगं दचकून मागे पडलं, हात वाचला. भिंतीला पडलेला खळगा त्यांनी बुजवू दिला नाही. त्याभोवती चुन्याने गोल काढला आणि शेजारी लिहिलं, 'अमेयचा उजवा हात.' पालकसभेत अमेयच्या आईने तक्रार केली तेव्हा बाई तिला खाली घेऊन गेल्या, तो खळगा दाखवला आणि म्हणाल्या, "ह्यात काय बसलं असतं, ते बघा." त्या आईला काय समजलं कोण जाणे, पण वर येताना ती रडत होती.

पोरांच्या मनगटावरचे गंडेदोरेही त्या कापायच्या. कार्यशाळेच्या दारात कात्री घेऊन उभ्या राहायच्या. मुलींच्या वेण्या वर बांधून टोपीत, मुलांचे हात मोकळे.

"बाई, देवाचा आहे हा."

"देव घरी. इथे मी आहे. हात पुढे कर."

कापलेले दोरे त्या एका डब्यात ठेवायच्या आणि तास संपला की ज्याचा त्याला परत द्यायच्या. त्यांना त्यातला कुठला कुणाचा ते पाठ असायचं. मुख्याध्यापकांनी हे प्रकरण बंद करायला सांगितलं तेव्हा बाई म्हणाल्या, "मग लेखी द्या. मी ते दारावर लावते." लेखी काही आलं नाही.

त्या मूळच्या कणकवलीकडच्या. घरात मालवणी, बाहेर लालबागची भाषा. आयटीआयमध्ये फिटरचा कोर्स त्यांनी केला तेव्हा वर्गात त्या एकट्याच मुलगी होत्या. लग्न केलं नव्हतं. एक धाकटी बहीण आहे, तिच्यासोबत लालबागला चाळीत राहतात, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

बहिणीची गोष्ट मात्र त्या दर वर्षी नववीला सांगायच्या. त्यांच्या वडिलांची गावी भात भरडायची गिरण होती. तिथला शाफ्ट छपराखाली छातीच्या उंचीवर आडवा जायचा. वडिलांनी त्याच्यावरचं झाकण काढलेलं. अकरा वर्षांची सुमन केस धुऊन मोकळे सोडून तिथून वाकून गेली. केस शाफ्टला लागले. "कपाळापासून मानेपर्यंत," बाई म्हणायच्या आणि स्वतःच्या डोक्यावरून बोट फिरवायच्या. "सगळं सोललं. कान अर्धा गेला. ती शुद्धीत होती." तिला परळच्या मोठ्या हॉस्पिटलात आणलं, मांडीची कातडी काढून डोक्यावर लावली, ती धरली नाही, परत काढली, परत लावली. असे कितीतरी महिने. एकोणीस वर्षांच्या शालन तिच्यासोबत आल्या त्या परत गावी राहायला गेल्याच नाहीत.

वर्ग ऐकताना श्वास रोखून बसायचा. मीही एकदा दारात उभं राहून ऐकलं होतं.

एकदा बाई तापाने घरी होत्या. परीक्षेच्या ड्युटीचा कागद द्यायला मी शनिवारी सकाळी लालबागला गेलो. दार बहिणीने उघडलं. पंचेचाळिशीची, सडपातळ, डोक्याला घट्ट बांधलेला सुती रुमाल. चेहरा मोठा प्रसन्न होता. "ताई डॉक्टरकडे गेलीय, खालीच आहे, येईल. बसा," म्हणाली आणि सुपात सुकट निवडत बसली. बोलता बोलता मी म्हणालो, बाई तुमच्याबद्दल वर्गात सांगतात, पोरांवर फार परिणाम होतो.

"काय सांगते?"

मी सांगितलं.

तिने सुकटीतला एक खडा काढून टाकला आणि म्हणाली, "झाकण बाबांनी नाही काढलं. ताईने काढलं. पट्टा सारखा उतरत होता. दर वेळी झाकण काढा, पट्टा चढवा, परत झाकण लावा. ती वैतागली आणि पान्याने सगळे बोल्ट काढून टाकले. मीच हातात धरले होते ते बोल्ट."

मी हातातला कागद बाजूला ठेवला.

"मला आणल्यावर पंधराव्या दिवशी ताई गावी गेली," ती पुढे म्हणाली. "घण घेतला आणि गिरण फोडली. सकाळपासून दुपारपर्यंत फोडत होती. हाताचे फोड फुटून दांडा लाल झाला होता म्हणतात. सगळा गाव जमला. लोकांना वाटलं, बापावर राग काढतेय. बाबा ओट्यावर बसून बघत होते. त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. जाईपर्यंत नाही. लोक त्यांना तोंडावर बोलायचे, पोरीचं डोकं खाल्लंस म्हणून. ते ऐकून घ्यायचे."

"तुम्ही बाईंना कधी…"

"तिला माहितीय मला माहितीय ते," सुमन म्हणाली. "चहा घेणार?"

तेवढ्यात बाई आल्या. माझ्याकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं.

"काय सांगत होती?"

"काही नाही. तुमचं गाव कसं आहे ते."

"खोटं बोलता येत नाही मास्तर तुम्हाला," बाई म्हणाल्या आणि आत जाऊन पडल्या. त्यानंतर शाळेत आम्ही तो विषय काढला नाही. पण पुढच्या वर्षी नववीला त्यांनी बहिणीची गोष्ट सांगितली नाही. नुसतीच तंगडी दाखवली.

सायली घाडी त्याच नववीत होती. अबोल, बारीक मुलगी. निबंधात कधी एका पानापुढे गेली नाही, पण कार्यशाळेत तिचा हात असा चालायचा की बाई तिला पत्रा कापायला देऊन पाठ फिरवायच्या. असा विश्वास त्यांनी दुसऱ्या कुणावर टाकलेला मी पाहिला नाही. सायलीने काकाच्या मळणी यंत्राचं झाकण गणपतीच्या सुट्टीत मापं घेऊन, दिवाळीच्या आधीच तयार केलं होतं. ते घेऊन ती गावाला गेली.

दिवाळीनंतर शाळा उघडली त्या दिवशी ती डाव्या हाताला प्लास्टर घालून आली. मी तिला जिन्यात पाहिलं आणि तिच्यासोबत खाली गेलो. बाई वाईसमध्ये पत्रा आवळून त्याची कड कानसत होत्या. त्यांनी मान वर केली, प्लास्टर पाहिलं आणि कानस खाली ठेवली.

"यंत्रात?"

"नाही बाई. काकाने मारलं."

तिने सांगितलं ते असं. काकाने झाकण बघितलं आणि बाजूला ठेवून दिलं, मळणी झाल्यावर बघू म्हणाला. दुसऱ्या दिवशी खळ्यात यंत्र चालू होतं. काकी पेंढ्या देत होती, तिचा पदर सुटून पट्ट्याच्या बाजूला लोंबत होता. सायली ओरडली. इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. तिला आठवलं, आधी बंद, मग बोलणं. पण डिझेलचं इंजिन बंद कसं करायचं ते तिला येत नव्हतं. बाजूला कोयता पडला होता. तिने तो उचलला आणि फिरत्या पट्ट्यावर घातला.

"चालू पट्ट्यावर?" बाई म्हणाल्या.

"हो. पट्टा तुटला. त्याचं टोक उडून काकाच्या पाठीत बसलं. शर्ट फाटला, रक्त आलं. मग काकाने दांडका घेतलं. मी हात आडवा धरला."

"चालू पट्ट्यावर कोयता घातलास?" बाई ओरडल्या. "डोकं उडालं असतं तुझं! मान कापली गेली असती! काय शिकवलं मी तुला? हे शिकवलं?" आणि त्यांचा हात वर गेला.

सायलीने झटकन प्लास्टरचा हात डोक्यावर आडवा धरला. काकासमोर धरला असेल तसाच.

बाईंचा हात वरच राहिला. मग तो हळूहळू खाली आला. त्या स्टुलावर बसल्या.

"बंद करायला शिकवलं," बाई म्हणाल्या, सायलीकडे न बघता. "पण कुठल्या यंत्राला कुठे बंद करायचं, ते नाही शिकवलं. इथे लाल बटण आहे म्हणून सगळीकडे असेल असं धरलं मी." त्यांनी सायलीचं प्लास्टर दोन्ही हातात धरलं. "दुखतंय?"

"आता नाही."

"खोटं बोलू नको."

"दुखतंय बाई," सायली म्हणाली आणि रडायला लागली.

तिसऱ्या दिवशी तिचा काका मुंबईत आला. बाबल घाडी, पन्नाशीचा, उंच, उन्हाने काळवंडलेला, गळ्यात टॉवेल. सोबत सायलीचे वडील विलास, टॉवरमध्ये लिफ्टवर काम करणारे, सायलीसारखेच अबोल. मुख्याध्यापकांच्या खोलीत बराच वेळ आरडाओरडा झाला. आमच्या मुख्याध्यापकांना भांडण आवडायचं नाही. त्यांनी ठरवलं की बाईंनी एकदा माफी मागावी आणि विषय संपवावा. ते सगळ्यांना घेऊन खाली आले, मलाही बोलावलं. कार्यशाळेत नववीचा तास चालू होता. पोरं रेघेमागे, शाफ्ट मोकळा फिरत होता.

"बाई, हे सायलीचे काका," मुख्याध्यापक म्हणाले. "तुमच्या शिकवण्यामुळे त्यांना दुखापत झाली, मळणी अडली. तुम्ही फक्त…"

"माफी मागते," बाई म्हणाल्या. मुख्याध्यापकांचा जीव भांड्यात पडला. "सायलीची. सायली, मी तुला अर्धवट शिकवलं. चुकलं माझं."

बाबल घाडी पुढे आला. "आणि माझी? माझ्या खळ्यात माझो पट्टो कापूक तुमीच शिकवलास मां ह्या चेडवाक?" त्याने सायलीकडे बोट केलं.

"हो."

"बायमाणसान माका यंत्र शिकवचा? वीस वर्सां झाली, मी हातान चालवतंय. काय झाला माका? हात हत, पाय हत." त्याने दोन्ही हात बाईंच्या तोंडासमोर नाचवले. तो रेघ ओलांडून आत आला होता. मुलं मागे सरकली.

"मागे व्हा," बाई म्हणाल्या.

"नाय होनय. काय करशात?"

"आणि पोरीचा हात मोडलात, तेव्हा काय झालं होतं तुम्हाला?"

"माझ्या भावाचा चेडू. मी मारीन नायतर काय करीन, तुका कित्याक व्हया?" असं म्हणून त्याने बाईंना छातीवर ढकललं.

बाई स्टँडवर आपटल्या. पुढचं एका श्वासात झालं. त्यांनी हात लांब करून त्याच्या गळ्यातला टॉवेल हिसकावला आणि फिरत्या शाफ्टवर टाकला.

बोल्टने टॉवेल पकडला. फट् करून तो ताणला गेला, गुंडाळला, आणि मोकळं टोक चाबकासारखं फिरायला लागलं. पहिला फटका स्टँडवर बसला. दुसरा बाबल घाडीच्या तोंडावर. तो किंचाळला, दोन्ही हात चेहऱ्यावर घेऊन मागे कोसळला. तिसरा फटका त्याच्या डोक्यावरून हवेत गेला. टॉवेलच्या चिंध्या होत होत्या, त्या सगळ्या खोलीभर उडत होत्या. मुख्याध्यापक दाराबाहेर पळाले होते. बाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्या शाफ्टकडे बघत उभ्या होत्या, ओठ उघडे, हात खाली. मी ओरडत होतो, "बाई, बंद करा! बाई!" आणि त्यांना ऐकू येत नव्हतं.

सायली वाकून, भिंतीच्या कडेने, लांबच्या बाजूने गेली आणि उजव्या हाताने लाल बटण दाबलं.

शाफ्ट थांबला. बाबल घाडीची भुवई फाटली होती. बोटांमधून रक्त कोपरापर्यंत येऊन जमिनीवर टपटपत होतं.

"हा टॉवेल दोन मिनिटांपूर्वी तुमच्या गळ्यात होता," बाई म्हणाल्या. आवाज अगदी हलका झाला होता. "तसाच तुमच्या बायकोचा पदर होता. ही पोरगी नसती तर…" त्या थांबल्या. मग पोरांकडे वळल्या. "माझ्या बहिणीचं डोकं शाफ्टने सोललं, ते मी दर वर्षी मुलांना सांगायचे. बापाने झाकण काढलं म्हणून. बापाने नाही काढलं. मी काढलं. मला कंटाळा आला होता पट्टा चढवायचा. पाना माझ्या हातात होता. माझा बाप मेला तरी मी हे कुणाला सांगितलं नाही."

बाबल घाडी एका डोळ्याने त्यांच्याकडे बघत होता.

"पोलिसात जातंय मी," तो शेवटी म्हणाला. पण पहिल्यासारखा जोर नव्हता.

तेव्हा सायलीचे वडील पहिल्यांदा बोलले. खिशातला रुमाल काढून त्यांनी भावाच्या भुवईवर दाबला. "दादा, चल. आधी टाके घालून घेऊ. मग पोलिसात जाऊ. पण गेलो तर हिचा हात कुणी मोडला, तेही लिहून द्यावं लागेल. मी लिहून देणार." हे ते इतक्या शांतपणे म्हणाले की पहिल्यांदा मला कळलंच नाही, ते काय म्हणतायत. भावाला कळलं. तो उठला आणि त्यांच्या खांद्यावर हात टाकून बाहेर पडला.

पोलिसात कुणी गेलं नाही. पण पालक सगळे ऐकून होते, आणि मुलांसमोर एका माणसाला रक्तबंबाळ केलं हे काही लपणारं नव्हतं. बाई कंत्राटावर होत्या. त्यांना पुढच्या महिन्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. मी शिक्षकांच्या खोलीत एक पत्र फिरवलं, त्यावर माझ्याशिवाय दोघांच्या सह्या आल्या. बाईंना ते कळलं तेव्हा चिडल्या. "कशाला मास्तर? बरोबर आहे त्यांचं. तो फटका बोटभर खाली बसला असता तर डोळा गेला असता त्याचा. आणि मी बघत उभी होते."

शेवटच्या दिवशी त्यांनी नववीच्या पोरांना एक काम लावलं. डिझेलचं इंजिन, विजेची मोटर, टिलर, प्रत्येक यंत्र कुठे आणि कसं बंद होतं त्याचं चित्र. दिवसभर फळ्यावर काढून घेतलं. सायलीकडून सहा वेळा काढून घेतलं.

मे महिन्यात निकालाच्या दिवशी विलास घाडी शाळेत आले. सायलीची झाकणाची वही हवी होती. "दादाने नवीन पट्टा टाकलाय. तो जरा रुंद आहे, जुनं झाकण बसत नाही म्हणतो. त्याने माप पाठवलंय," म्हणत त्यांनी फोनवरचा फोटो दाखवला. वहीच्या फाटक्या पानावर पेन्सिलीने काढलेली वेडीवाकडी आकृती, लांबी-रुंदी लिहिलेली. मी त्यांना बाईंचा लालबागचा पत्ता दिला.

त्यानंतर बाई मला एकदाच दिसल्या. मागच्या ऑक्टोबरात, दुपारी तीनच्या सुमारास, मी हिंदमाताहून चालत येताना. परळला रस्त्याच्या कडेला कोकणात जाणाऱ्या खाजगी बस उभ्या असतात, त्यातल्या एकीच्या पोटात त्या पत्र्याचे गठ्ठे भरून घेत होत्या. गोणपाटात बांधलेले, सुतळीने आवळलेले. मी हाक मारली. त्यांनी हात हलवला, पण बोलायला वेळ नव्हता. बसचा क्लीनर, चांगला पोट सुटलेला, मिशाळ माणूस, "ओ बाई, आटपा, आटपा" करत होता आणि बाई त्याला सांगत होत्या की ते वर टाकू नको, वाकेल.

"कुठे निघालात?" मी विचारलं.

"मळणी सुरू झालीय ना," त्या पायरीवर चढता चढता म्हणाल्या. "कणकवलीपासून झाकणं बसवायला सुरुवात करते. मग जिथपर्यंत होईल तिथपर्यंत."

बस सुटली. क्लीनर सवयीने दारातच लटकला, एक पाय बाहेर, एका हाताने दांडी धरून, अंग पूर्ण रस्त्यावर, आणि मागून येणाऱ्या गाड्यांना थांबवायला दुसरा हात हलवत. बस जेमतेम दहा पावलं गेली असेल. आतून एक खाकी बाही आली, त्याची कॉलर पकडली आणि त्याला सबंधच्या सबंध आत ओढलं. दार बंद झालं. मागच्या काचेतून मला दिसलं, बाईंनी त्याच्या कानाखाली एक ठेवून दिली होती, आणि तो गालाला हात लावून, तोंड उघडं टाकून, त्या काय सांगतायत ते ऐकत होता.